हिरवाईचा जागतिक हिशेब: उपग्रहांच्या नोंदींतून डेटासेट कसा उभा करायचा

उपग्रहाच्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतो तो जमिनीवरून परतलेला प्रकाश. त्या प्रकाशात पानांबरोबर हवा, धूर, ढगाची कड, सूर्याचा कोन आणि कॅमेऱ्याचे वयही मिसळलेले असते. जमीन आणि वनस्पतींवर वर्षानुवर्षे नजर ठेवणारा डेटासेट बांधायचा, तर ही भेसळ एकेक करून बाजूला काढावी लागते. सूत्र एका ओळीचे आहे, मेहनत सगळी त्याच्या आधीची आणि नंतरची. म्हणून सुरुवातीलाच एक सवय लावून घ्या: आकडा बदललेला दिसला की आधी उपग्रहावर संशय घ्या, मग हवेवर, आणि सर्वांत शेवटी जमिनीवर.

ते एका ओळीचे सूत्र असे. हिरव्या पानातले हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते आणि पानाच्या आतली पेशीरचना डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश जोरात परतवते. निकट-अवरक्तातून लाल वजा करा आणि त्याला दोन्हींच्या बेरजेने भागा: हा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचा निर्देशांक. अमेरिकेतल्या ग्रेट प्लेन्सच्या गवताळ प्रदेशावर काम करताना राऊस आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली तो पहिल्या लँडसॅटच्या चित्रांवर वापरला. घनदाट रानावर तो ०.८च्या आसपास जातो, उघड्या मातीवर ०.१ ते ०.२ राहतो, पाण्यावर बहुधा शून्याखाली उतरतो.

आधी प्रश्न ठरवा, मग उपग्रह

तुम्हाला चाळीस वर्षांचा कल हवा आहे, की यंदाच्या हंगामात तालुक्यातल्या शेतांचे काय चालले आहे ते? दोन्ही एकाच डेटासेटमधून मिळत नाही. बारीक पिक्सेल, रोजची फेरी आणि लांब इतिहास या तिन्हींपैकी काहीतरी सोडावे लागते.

इतिहास हवा असेल तर एव्हीएचआरआर. अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या हवामान उपग्रहांवरचा हा कॅमेरा मुळात ढग आणि तापमानासाठी होता, पण १९८१पासून त्याच्याच नोंदींतून जागतिक हिरवाईची मालिका बनली. नासाच्या गोडार्ड केंद्रातली जिम्स ही मालिका त्यातलीच, तिचा पिक्सेल सुमारे ८ किलोमीटरचा. त्याहून बारीक आणि बरीच विश्वासार्ह मालिका नासाच्या मोडिस या कॅमेऱ्याची: टेरा उपग्रहावरून फेब्रुवारी २०००पासून, अॅक्वावरून २००२पासून, लाल आणि निकट-अवरक्तासाठी २५० मीटर. शेताच्या पातळीवर उतरायचे तर लँडसॅट (३० मीटर, एका उपग्रहाची फेरी १६ दिवसांची) किंवा युरोपचे सेंटिनेल-२ (१० मीटर, दोन उपग्रह मिळून ५ दिवस). इस्रोच्या रिसोर्ससॅटवरचा एविफ्स ५६ मीटरचा आहे आणि एका फेरीत ७४० किलोमीटर रुंद पट्टा टिपतो. पिकांच्या कामासाठी ही मधली जागा फार उपयोगी आहे.

लँडसॅटचा साठा २००८ साली सर्वांना मोफत खुला झाला. तोपर्यंत एकेका चित्राला शेकडो डॉलर पडत, त्यामुळे संशोधक वर्षातले एखादेच स्वच्छ चित्र निवडून घेत. साठा खुला झाल्यावर हाताला येईल ते प्रत्येक चित्र वापरून प्रत्येक पिक्सेलची स्वतंत्र कालमालिका बनवता येऊ लागली. २०१३ साली मेरीलँड विद्यापीठाच्या हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी साडेसहा लाखांहून अधिक लँडसॅट चित्रे एकत्र चालवून २००० ते २०१२मधली जगाची जंगलतोड ३० मीटरवर मांडली: २३ लाख चौरस किलोमीटर वृक्षाच्छादन गेले, ८ लाख नव्याने आले. आज तुम्ही जे शिकणार आहात त्याची घडण या कामात दिसते.

निवड करण्याआधी कागदावर एक गणित मांडा. पृथ्वीवरची जमीन सुमारे १४.९ कोटी चौरस किलोमीटर. १० मीटरच्या पिक्सेलने ती झाकायला दीड लाख कोटी पिक्सेल लागतात, म्हणजे प्रत्येकी दोन बाइट धरले तरी एका दिवसाच्या एका थराला ३ टेराबाइट. तेच ३० मीटरवर सुमारे ३३० गिगाबाइट आणि मोडिसच्या पिक्सेलवर साडेपाच गिगाबाइट. मोडिसचे काम घरच्या संगणकावर जमेल. १० मीटरचे जागतिक काम गूगल अर्थ इंजिनसारख्या सेवेवरच करावे लागेल, जिथे चित्रे आधीच आहेत आणि तुम्ही फक्त सूचना पाठवता.

एकाच टाइलपासून सुरुवात करा

नासाच्या अर्थडेटा संकेतस्थळावर मोफत खाते उघडा आणि एमओडी१३क्यू१ हे उत्पादन (म्हणजे मोडिसचा तयार डेटासंच) शोधा. त्यात दर १६ दिवसांचा एक थर, वर्षाला २३ थर असतात. मोडिसने पृथ्वीचे ३६ आडवे आणि १८ उभे तुकडे, म्हणजे टाइल, पाडले आहेत. एच म्हणजे आडवा क्रमांक, व्ही म्हणजे उभा. महाराष्ट्र चार टाइलांच्या सांध्यावर बसला आहे: मुंबई एच२४व्ही०७मध्ये, पुणे जेमतेम एच२५व्ही०७मध्ये, धुळे एच२४व्ही०६मध्ये आणि नागपूर एच२५व्ही०६मध्ये. शिकायला हे चांगलेच आहे, कारण आपल्याच ओळखीच्या मुलखात टाइल जोडायचा सराव होतो.

एक वर्षाचे २३ थर उतरवून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि तुम्हाला नीट माहीत असलेल्या चार-पाच जागांची वर्षभराची रेषा काढा: घाटातले सदाहरित रान, कोरडवाहू ज्वारीचे शेत, ऊस, पडीक माळ, धरणाचे पाणी. कोणते शेत कधी पेरले आणि कधी कापले हे ठाऊक असेल, तर रेषेतली कोणती उडी खरी आणि कोणती खोटी हे तुमचे तुम्हाला कळू लागते. या सरावाला भरपूर वेळ द्या, पुढे तोच उपयोगी पडतो.

इथे दोन खाचखळगे लगेच भेटतात. फाइलमधले आकडे पूर्णांक असतात, त्यांना ०.०००१ने गुणल्याशिवाय एनडीव्हीआय मिळत नाही. आणि जिथे नोंदच नाही तिथे −३००० हा आकडा भरलेला असतो. तो वगळला नाही, तर सरासरीत शिरून अख्खा तालुका वाळवंट करून टाकतो.

ग्रिड

सगळे थर एकाच ग्रिडवर, म्हणजे चौकटींच्या एकाच जाळीवर, पिक्सेलवर पिक्सेल बसले पाहिजेत. मोडिसचे ग्रिड साइनुसॉइडल आहे. त्यात प्रत्येक पिक्सेलचे क्षेत्रफळ सारखे राहते, फक्त विषुववृत्तापासून लांब गेल्यावर आकार तिरपा होतो. ‘२५० मीटर’ म्हणतात तो पिक्सेल प्रत्यक्षात २३१.६६ मीटरचा आहे, तेव्हा क्षेत्रफळ काढताना २५० धरू नका. अक्षांश-रेखांशाच्या साध्या ग्रिडवर काम केले, तर ६० अंश उत्तरेला पिक्सेल विषुववृत्ताच्या निम्म्या क्षेत्रफळाचा होतो. तिथे जागतिक सरासरी काढताना प्रत्येक पिक्सेलला त्याच्या क्षेत्रफळाइतकेच वजन द्या, नाहीतर सायबेरिया आणि कॅनडा उत्तर ठरवतील.

ग्रिड बदलणे शक्यतो एकदाच करा, कारण प्रत्येक वेळी आकडे थोडे पुसट होतात. गुणवत्तेच्या खुणा हलवताना सर्वांत जवळचा पिक्सेल जसाच्या तसा उचला. ‘ढग’ आणि ‘स्वच्छ’ यांची सरासरी काढली तर त्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही.

ढग, सावली आणि खुणांचा थर

माझ्या मते सगळ्या डेटासेटचा जीव इथे आहे. तांदळात एक खडा राहिला तरी घास बिघडतो, तसा एक चुकलेला ढग महिन्याची सरासरी बिघडवतो.

मोडिसच्या थरासोबत पिक्सेलच्या भरवशाचा वेगळा थर येतो: ० म्हणजे चांगला, १ म्हणजे जपून वापरा, २ म्हणजे बर्फ, ३ म्हणजे ढगाळ. नवख्यांनी आधी फक्त ० घेऊन काम करावे आणि मग १ घेतल्यावर काय बदलते ते पाहावे. अधिक तपशिलाचा जो गुणवत्ता-थर असतो, त्यात एका आकड्याच्या वेगवेगळ्या बिटांमध्ये वेगवेगळी माहिती कोंबलेली असते. तो आकडा सरळ वाचायचा नसतो, बिट सुटे करून वाचायचा असतो.

लँडसॅटवर उष्णता मोजणारे बँड (प्रकाशाचे ठरावीक पट्टे) आहेत आणि ढग जमिनीहून थंड असतात, त्यामुळे ढगाळ पिक्सेल झाकणारा ‘मास्क’ बनवायची एफमास्क ही पद्धत तिथे बरी चालते. सेंटिनेल-२वर असा बँड नाही. मिठागरे, वाळूचे किनारे, पांढरी छपरे त्याला ढगासारखी भासतात आणि वर्षानुवर्षे पुसली जातात. हे पकडायचा सोपा उपाय म्हणजे वर्षभरात प्रत्येक पिक्सेल किती वेळा ‘स्वच्छ’ ठरला याचा नकाशा काढणे. शेजारी चाळीस आणि मध्येच एका गावावर दोन, असे दिसले की मास्क चुकतो आहे. हा मोजणीचा नकाशा डेटासेटबरोबर प्रसिद्धही करा. वापरणाऱ्याला कुठे विश्वास ठेवायचा हे त्यातूनच कळते.

ढगाची सावलीही काढायलाच हवी. ती सूर्याच्या उलट दिशेला पडते आणि किती दूर पडेल हे ढगाच्या उंचीवर अवलंबून असते. ढग काढून सावली ठेवली तर मास्क अर्धाच झाला. मास्क सगळ्या बाजूंनी काही पिक्सेल फुगवा, कारण ढगाची पातळ कड कोणत्याही पद्धतीला पूर्ण सापडत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न ऐन खरिपात येतो. जुलै-ऑगस्टमध्ये कोकण आणि घाटमाथ्यावर सोळा दिवसांत एकही स्वच्छ पिक्सेल न मिळणे नेहमीचे आहे. भात सर्वाधिक हिरवे असते तेव्हाच उपग्रह आंधळा असतो. तिथे ढगांतून आरपार पाहणारे रडार लागते: सेंटिनेल-१, आणि ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला इस्रो-नासाचा निसार, ज्याची फेरी १२ दिवसांची आहे. पण रडार रचना आणि ओलावा मोजते, हरितद्रव्य नाही. त्याचे आकडे एनडीव्हीआयच्या रकान्यात भरू नका, शेजारी स्वतंत्र थर ठेवा.

हवा आणि कोन

जिथे मिळेल तिथे ‘पृष्ठभाग परावर्तन’ या पातळीचाच डेटा घ्या. त्यात धूळ, बाष्प आणि ओझोनचा परिणाम आधीच काढलेला असतो. स्वतः ही दुरुस्ती करायच्या मागे सुरुवातीला लागू नका.

कोनांकडे मात्र स्वतः लक्ष द्यावे लागते. मोडिसचा पट्टा २,३३० किलोमीटर रुंद आहे, म्हणून तेच रान एके दिवशी वरून आणि दुसऱ्या दिवशी कडेने दिसते. अॅमेझॉनच्या जंगलावरून यामुळेच मोठा वाद झाला. कोरड्या ऋतूत ते अधिक हिरवे होते असे मोडिसच्या ईव्हीआय या निर्देशांकावरून २००६ साली मांडले गेले, आणि २००५च्या दुष्काळातही ते हिरवे झाले असे पुढच्याच वर्षी. २०१० साली ढग आणि धुराचे पिक्सेल काटेकोर वगळल्यावर दुष्काळातली ती वाढ दिसेना. २०१४ साली मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी ऋतूमधल्या वाढीचे कारण कोनांत शोधले: त्या महिन्यांत सूर्य आणि कॅमेरा एका रेषेच्या जवळ येतात, झाडांच्या माथ्यांवरच्या सावल्या लपतात आणि निकट-अवरक्त वाढतो. मग २०१६ साली मनोऱ्यांवरच्या कॅमेऱ्यांनी दाखवले की कोरड्या ऋतूत तिथे जुनी पाने जाऊन नवी खरोखर येतात. दहा वर्षे, एकच जंगल, एकच उपग्रह. तेव्हा कोनांचा थर फेकून देऊ नका. जमेल तिथे सगळे आकडे सरळ वरून पाहिल्यासारखे बदलून घेतलेली उत्पादने वापरा. लँडसॅट आणि सेंटिनेल-२ एकत्र करणाऱ्या एचएलएस या ३० मीटरच्या संचात हे केलेले असते.

कंपोझिट बनवणे

रोजच्या चित्रांत भोके असतात, म्हणून ठरावीक दिवसांतला सर्वांत चांगला पिक्सेल निवडून एक भरलेले चित्र बनवतात. सर्वांत जुनी रीत, होल्बेनने १९८६ साली मांडलेली: त्या काळातला सर्वांत मोठा एनडीव्हीआय घ्या. ढग आणि धूर एनडीव्हीआय खाली ओढतात, त्यामुळे मोठा आकडा बहुतेक वेळा स्वच्छ असतो. रीत साधी आणि टणक आहे, पण तिचा कल समजून घ्या. ऊस तुटला तर ती तुटण्याआधीचा दिवस निवडते, म्हणून तोड उशिरा दिसते. वणव्याचेही तसेच. आणि जिथे तिरप्या कोनातून हिरवे जास्त भासते, तिथे ती तो तिरपा दिवस उचलते. ढगांचा मास्क चांगला असेल तर मध्यक घ्या. तो एखाद्या चुकलेल्या पिक्सेलने हलत नाही.

कोणत्याही रीतीने करा, प्रत्येक पिक्सेल नेमक्या कोणत्या तारखेचा आहे हे वेगळ्या थरात नोंदवा. सोळा दिवसांच्या कंपोझिटमध्ये शेजारचे दोन पिक्सेल पंधरा दिवसांच्या अंतराचे असू शकतात. एकाच पिक्सेलच्या लागोपाठच्या दोन नोंदींत एकाच दिवसाचे अंतर पडू शकते किंवा एकतीस दिवसांचे. पेरणीची तारीख काढणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याचे उत्तर पंधरवड्याने हुकते.

राहिलेली भोके भरायला साविट्स्की-गोले किंवा व्हिटेकर यांच्या गुळगुळीत करणाऱ्या पद्धती आहेत. भरलेला आकडा आणि मोजलेला आकडा यांना वेगळी खूण द्या. त्याशिवाय भरलेले कोणाच्याही हाती देऊ नका.

दोन उपग्रह जोडताना

लांब मालिका म्हणजे अनेक उपग्रहांची साखळी, आणि खोटे बदल बहुतेक सांध्यांवरच येतात. एव्हीएचआरआरचा निकट-अवरक्त बँड ०.७२५ ते १.१ मायक्रोमीटर इतका रुंद आहे आणि त्यात हवेतले बाष्प येते. मोडिसचा ०.८४१ ते ०.८७६ आहे आणि तो बाष्प टाळतो. दमट हवेत त्याच रानाचे दोन वेगळे आकडे येणारच. एव्हीएचआरआरवर दृश्य बँडांसाठी अंतराळात तपासणीची सोय नव्हती, म्हणून लिबियाच्या वाळवंटासारख्या न बदलणाऱ्या जागांवरून त्याची घसरण मोजावी लागली. त्या उपग्रहांची दुपारची वेळही वर्षागणिक संध्याकाळकडे सरकत गेली आणि सावल्या लांबल्या. त्यात जून १९९१मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीने वातावरणात इतके कण भरले की पुढच्या काही काळाचा एनडीव्हीआय जगभर बिघडला.

मोडिसही यातून सुटला नाही. टेराचा सेन्सर म्हातारा होत गेला आणि पाचव्या संग्रहात (मोडिसच्या डेटाच्या आवृत्तीला संग्रह म्हणतात) हिरवाई घटल्याचा खोटा कल दिसू लागला. अॅक्वाशी ताडून पाहिल्यावर तो लक्षात आला आणि सहाव्या संग्रहात दुरुस्त झाला. २०२०नंतर टेराची फेरीची वेळही सरकू लागली आहे.

सर्वांत शिकवणारे उदाहरण सेंटिनेल-२चे. २५ जानेवारी २०२२पासून त्याच्या फाइलींतल्या प्रत्येक आकड्यात १,००० मिळवलेले असतात आणि ते वापरण्याआधी वजा करायचे असतात. समजा एका शेताचे लाल ४०० आणि निकट-अवरक्त ३,२०० आहे. एनडीव्हीआय ०.७८. वजा करायचे राहिले तर १,४०० आणि ४,२०० होतात आणि एनडीव्हीआय ०.५ येतो. शेत तेच, पीक तेच, आणि नकाशावर एका रात्रीत दुष्काळ. दोन काळ जोडण्याआधी उत्पादनाच्या बदलांची टिपणे वाचाच. दोन उपग्रह एकाच वेळी चालू होते तो काळ शोधा, त्या काळातल्या जोड्यांवरून रूपांतर ठरवा आणि जोडलेली मालिका वाळवंटावर व जुन्या रानावर तपासा. तिथे पायरी दिसली तर ती सांध्याची आहे.

नकाशा आणि पडताळणी

एनडीव्हीआयवरून ‘रान’, ‘शेत’, ‘माळ’ असे वर्ग पाडायचे असतील तर व्याख्या आधी लिहा. हॅन्सनच्या नकाशात ५ मीटरहून उंच कोणतीही झाडी वृक्षाच्छादन ठरते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत १० टक्क्यांहून अधिक छत्र असलेली एक हेक्टरची झाडी जमिनीचा वापर न पाहता मोजली जाते. त्यामुळे कोकणातली आंबा-काजूची बाग दोन्हीकडे झाडीत जाते, आणि ‘जंगल वाढले’ या वाक्याचा अर्थ व्याख्या पाहिल्याशिवाय कळत नाही. असेच भान २०१९च्या प्रसिद्ध निष्कर्षाबाबत हवे: मोडिसनुसार २०००पासून जगाच्या हिरव्या पानांच्या क्षेत्रात झालेल्या वाढीत भारताचा वाटा ६.८ टक्के आहे, पण भारतातली ८२ टक्के वाढ शेतीतून आली आहे.

पडताळणीसाठी प्रत्येक वर्गात यादृच्छिक ठिकाणे निवडा आणि ती बारीक चित्रांवर किंवा प्रत्यक्ष जाऊन, नकाशा न पाहता, ओळखा. मग क्षेत्रफळ सुधारा. समजा नकाशात १०० चौरस किलोमीटर रान आणि ९०० बिनरान आहे. रानातल्या शंभर ठिकाणांपैकी ९० खरी निघाली, आणि बिनरानातल्या शंभरांपैकी ५ रान निघाली. मग रानाचा खरा अंदाज ९० अधिक ४५, म्हणजे १३५. नकाशाची अचूकता ९४.५ टक्के, तरी क्षेत्रफळ सुमारे सव्वीस टक्क्यांनी कमी. पिक्सेल मोजून क्षेत्रफळ जाहीर करू नये, त्याचे कारण हे. नामवंत नकाशांनाही मर्यादा असतात: युरोपच्या वर्ल्डकव्हर या १० मीटरच्या जागतिक नकाशाची २०२१च्या आवृत्तीची एकूण अचूकता ७६.७ टक्के नोंदवलेली आहे.

प्रसिद्ध करताना

जिओटिफ या नकाशा-चित्रांच्या फाइलप्रकाराचे ‘क्लाउड ऑप्टिमाइझ्ड’ रूप वापरा, म्हणजे कोणालाही अख्खी फाइल न उतरवता आपल्या गावापुरता तुकडा वाचता येतो. एनडीव्हीआयसोबत पाच थर द्याच: गुणवत्तेची खूण, निवडलेली तारीख, स्वच्छ नोंदींची संख्या, भरलेला की मोजलेला, आणि पाहण्याचा कोन. गुणक, रिकाम्या पिक्सेलचा आकडा, मूळ उत्पादनाचा संग्रह क्रमांक आणि वापरलेला कोड फाइलीतच नोंदवा. आवृत्तीला क्रमांक द्या. नवी आली तरी जुनी पुसू नका, कारण तिच्यावर कोणाचा तरी पीकविम्याचा किंवा दुष्काळाचा अहवाल उभा असतो. आणि नवीन आवृत्तीत कोणत्या प्रदेशाचे आकडे किती बदलले याचा नकाशा तिच्याच सोबत ठेवा.